जुन्या मोटारीस नवे ब्रेक

आमच्या वडील बंधूंनीं 1978 सालीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी अद्याप आमच्या घरीं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी म्हणजे इटलीच्या फियाट 1100 ची हिंदी बहीण. या जातीची मुंबईंतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र अजून दर रविवारीं देवदर्शनास जाते. बंधू आतां हयात नाहींत. गाडी वहिनींच्या नांवावर आहे आणि तिची निगा त्यांचे चिरंजीव राखतात. गेल्या वर्षीं त्यांनीं सहज बोलून दाखविलें, “काका, हिच्या पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्कब्रेक बसवावे म्हणतों.” झालें! घरांत दोन तट पडले.

आम्ही विरुद्ध पक्षांत होतों, हें कबूल केलें पाहिजे. ज्या वस्तूवर दिवंगत माणसाचा हात फिरला, तिचा एक स्क्रूही बदलूं नये असें आम्हांस वाटत होतें. परंतु वहिनींनीं 1986 सालची आठवण काढली आणि आमची वाचा बसली. दिवाळीच्या सुटींत पुण्याहून मुंबईस जातांना आम्ही खंडाळ्याचा घाट उतरत होतों. निम्मा घाट संपतो न संपतो तोंच बंधूंच्या पायाखालचें पेडल लोण्यासारखें मऊ झालें. पाय दाबावा तो थेट फळीस टेके, गाडी मात्र पुढें धांवतच राही. बंधूंनीं गिअर खालीं आणीत व हॅंडब्रेक ओढीत ती डोंगराच्या अंगच्या मातीच्या ढिगास टेकविली. मागें वहिनींच्या मांडीवर हेच चिरंजीव झोंपले होते. दोन वर्षांचें मूल तें!

ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें, त्यास हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. माणसें व सामान धरून गाडीचें वजन 1,200 किलो आणि उतरण सुमारें 500 मीटर उंचीची धरली, तर तेवढ्यांत जी उष्णता उत्पन्न होते तिनें हंड्यांतील 17 लिटर थंड पाणी उकळूं लागेल. तिचा कांहीं भाग एंजिन व वारा घेतो. उरलेली सारी ब्रेकांनीं पचवावयाची.

ड्रमची रचना अशी, कीं फिरत्या डब्याच्या आंत दोन हात घालून ते बाहेरच्या अंगास दाबावे. उष्णता डब्यांत कोंडते; डबा तापून फुगतो, म्हणजे आंतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो. डिस्क ही फिरत्या परातीसारखी. तिची कड दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरावयाची. ती उघड्या वाऱ्यांत असते, म्हणून लवकर निवते. लॅंचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें 1902 सालींच या युक्तीचें पेटंट घेतलें होतें. परंतु 1953 सालीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यत जॅग्वारनें डिस्कब्रेकांवर जिंकली, तेव्हां जगाचे डोळे उघडले.

तथापि सारें खापर ड्रमवर फोडणें न्यायाचें नव्हे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट 3’ जातीचें तेल ताजेपणीं किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत खालीं येते. मग नळींत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खालीं जातें. आमच्या गाडीचें तेल तेव्हां कित्येक वर्षें बदललेलें नव्हतें. तो अपराध गाडीचा नव्हे, आमचा.

कायद्याची गोष्टही पाहणें प्राप्त होतें. 1988 च्या मोटार-वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें नोंदणीपत्राशीं विसंगत फेरफारास बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें 2019 सालीं ती अधिक पक्की केली. चिरंजीवांनीं आधीं परिवहन कार्यालयांत अर्ज केला; लेखी उत्तर येईतों दोन महिने गेले. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षें भरलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते, पण तिची चासी, सांगाडा व एंजिन मूळचींच असलीं पाहिजेत. म्हणून मूळ धातूस कोठेंही कापावयाचें नाहीं, जें बसवावयाचें तें बोल्टांनीं बसवावें, अशी अट आम्हीं घातली.

मागचे ड्रम तसेच ठेविले, कारण हॅंडब्रेक त्यांवरच चालतो. ड्रममध्यें एक पट्टी चाकाच्या फिरण्यानें आपणच अधिक आवळली जाते व पायास साह्य करते. डिस्कमध्यें ही सोय नाहीं; तिला दाब अधिक लागतो, म्हणून एंजिनाच्या ओढीवर चालणारा सर्वो बसवावा लागला. जुन्या गाडींत चारही चाकांस एकाच मार्गानें तेल जातें. एक नळी फुटली कीं चारही चाकें निराधार. आतां पुढचा व मागचा मार्ग वेगळा झाला. आम्हांस विचाराल तर डिस्कपेक्षांही हा बदल मोठा आहे.

काम झालें त्या दिवशीं गाडी दहा किलोमीटरही गेली नसेल, तों पुढच्या चाकांतून जळका वास येऊं लागला. गॅरेजवाला म्हणे, नवें आहे, चालेल. चिरंजीवांनीं ऐकलें नाहीं. शोध घेतां दिसून आलें कीं, बसविलेला मास्टर सिलिंडर चारही चाकांस ड्रम असलेल्या गाडीचा होता. त्यांतील लहान झडप नळींत थोडा दाब नेहमीं शिल्लक ठेविते. ड्रमच्या पट्ट्या मागें खेंचणारी स्प्रिंग असते, म्हणून तेथें तो दाब बाधत नाहीं. उलट त्यायोगें हवा आंत शिरत नाहीं. डिस्कच्या पॅडांस तशी स्प्रिंग नाहीं. ते अखंड घांसत राहिले. पुढच्या मार्गावरील झडप काढून टाकतांच चाकें निवलीं. वीतभरही नसलेली ती वस्तु, पण घाटांत तिनें काय केलें असतें?

गेल्या महिन्यांत वहिनींस घेऊन आम्ही पुनः तोच घाट उतरलों. खोपोलीस थांबून चिरंजीवांनीं खालीं वाकून चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि मान डोलाविली. वहिनींचा उजवा पाय मात्र सबंध घाटभर समोरच्या फळीवर रोवलेला आम्हीं पाहिला होता. जुने ड्रम त्यांनीं तेल लावून, बंधूंच्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविले आहेत.