पावती फाडली म्हणजे सभासद झाला का?

एप्रिल लागला की नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांतून पावतीपुस्तके फिरू लागतात. कुणी शंभर देतो, कुणी पाचशे. नोकरीवाल्याचे घर आले की आकडा जरा मोठा सांगितला जातो. कमान उभी राहते, मिरवणूक निघते, भीमगीतांचा कार्यक्रम होतो. मग मे संपतो, जून उजाडतो आणि विहाराचे कुलूप काढायला तेच एक सत्तरीतले उपासक येतात. झाडून घेतात, मेणबत्ती लावतात, वंदना घेतात. समोर बसायला चार उपासिका. वर्गणी तर अडीचशे घरांनी दिलेली असते. मग ते अडीचशे गेले कुठे?

आम्ही स्वतः हे पावतीपुस्तक घेऊन फिरलेलो आहोत, म्हणून हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारत नाही. घोळ शब्दांपासून सुरू होतो. आपण देणगीदार, सभासद आणि स्वयंसेवक हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो. देणगीदाराचा संबंध पैशाशी, आणि तो त्या दिवशी संपला तरी त्याची चूक नाही. सभासदाचे नाव नोंदवहीत असते. त्याला सभेची नोटीस मिळते, हिशोब विचारता येतो, मत देता येते. स्वयंसेवक म्हणजे ज्याच्याकडे एखादे काम आहे आणि तो आला नाही तर ते काम अडते. आपल्याकडे पहिल्या प्रकारची माणसे भरपूर आहेत. दुसऱ्या प्रकारची बहुधा कागदावर असतात. तिसऱ्या प्रकारची जी आहेत, त्यांचे वय होत चालले आहे.

बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या संस्था कशा उभ्या राहिल्या ते पाहू. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात तिचे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. संस्थेची ओळख लोकांना झाली ती त्या वसतिगृहातून. महाडच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले, ते तर नावाप्रमाणे अंगमेहनतीचेच होते. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. आपल्या मिळकतीचा निदान विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, ही पहिली. प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्या पावतीपुस्तकवाल्यांना तोंडपाठ आहे. दुसरीचा अर्थ मात्र आपण कमी लावला. दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येकाला, म्हणजे धम्माचे काम प्रत्येकाचे. त्यासाठी वेगळा पुरोहितवर्ग नको, तसाच ‘कार्यकर्ता’ नावाचा वेगळा वर्गही नको.

मराठवाड्यात ही माणसे कशी घडली याचाही एक इतिहास आहे. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे शिकून परतलेला शिक्षक किंवा कारकून गावोगावच्या वस्तीत पहिला वाचणारा, पहिला अर्ज लिहून देणारा होता. त्यानंतर नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत कुणी कुणाला ‘सभासद व्हा’ म्हणून विनवले नाही. काम समोर होते: मोर्चा, तुरुंगातल्यांचे जामीन, जळालेल्या घरांची यादी, लपून राहिलेल्यांना भाकरी. ज्याने ते केले तो आपोआप चळवळीचा झाला. आज विहाराचे कुलूप काढणारे जे हात आहेत, ते बहुतेक त्याच पिढीचे. नामांतरात विशीत असलेला माणूस आज साठीच्या पुढे आहे. पुढची पिढी कामाला लागण्यासाठी आपण आता दंगलीची वाट पाहायची काय?

काम आजही समोर आहे. फक्त ते मोर्च्यासारखे दिसत नाही, कागदांसारखे दिसते.

बारावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करायचा आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य व जात सिद्ध करायची. मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबाला हे तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या काळच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी उर्दूत. आपले आजे-पणजे शाळेत गेलेच नव्हते, तर प्रवेश-निर्गम उतारा कुठून आणायचा? जमीन नव्हती, तर खासरा पाहणी पत्रकात नाव कसे सापडायचे?

त्यात जिल्ह्यांची हलवाहलव. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, उस्मानाबादमधून. पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके त्याआधी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, बिदर जिल्ह्यात होते. नांदेडमधला किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून आला. म्हणजे निलंग्याच्या पोराच्या पणजोबाचा कागद बिदरकडे असू शकतो आणि किनवटच्या पोरीच्या घरचा आदिलाबादकडे. हे ज्याला ठाऊक नाही, तो बाप लातूरच्या कचेरीत चार खेटे घालतो, ‘रेकॉर्ड नाही’ ऐकतो आणि कुणातरी एजंटाला पैसे देऊन मोकळा होतो. कागद मिळाला नाही की आरक्षणाची जागा गेली.

आणखी एक गुंतागुंत खास आपली आहे. १९५६ नंतर पुष्कळ कुटुंबांनी अभिमानाने शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिले. लिहायलाच हवे होते, त्यात काही चुकले नाही. बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या सवलतीही १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण दाखला देताना पूर्वाश्रमीची अनुसूचित जात कोणती, हे कार्यालय विचारतेच. बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, आज्याच्या दाखल्यावर जात, पोराच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, तर ही साखळी कुणीतरी जुळवून द्यावी लागते. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र नीट करावे लागते. चुलत्याला किंवा चुलतभावाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत जोडावी लागते, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली वैधता हा मोठा आधार असतो. कागद अगदीच नसतील तर दक्षता पथकाच्या गृहचौकशीत काय सांगायचे, गावातला कोणता म्हातारा माणूस साक्षीला बोलवायचा, हे आधी ठरवावे लागते.

या कामाला वकील लागत नाही. दोनदा हे दिव्य पार केलेला एक बाप, उर्दू वाचता येणारा एखादा निवृत्त तलाठी किंवा शेजारच्या मोहल्ल्यातले एखादे मौलवीसाहेब, ऑनलाइन अर्ज भरता येणारी एक मुलगी आणि विहाराचा एक कोपरा, एवढे पुरे. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठीची स्वाधार योजना, उत्पन्नाचा दाखला, हेही त्याच टेबलावर होते. जून ते ऑगस्ट हा या कामाचा हंगाम. म्हणजे सभासद जोडण्याचा खरा हंगामही तोच, एप्रिल नव्हे. ज्या घराचा कागद तुमच्यामुळे निघाला, त्या घराला पुढच्या वर्षी दुसऱ्याचा कागद काढायला बसवा. ते नाही म्हणणार नाहीत. आणि वैधता हातात पडलेली मुलगी पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्या टेबलाच्या पलीकडे बसलेली दिसली, तर तिच्याकडून पावती नंतर घ्या, घाई नाही.

लातूरचा वेगळा विचार करावा लागतो. ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची मुले-मुली दहावी झाली की येतात, खोली करून राहतात, डब्यावर जेवतात, दोन वर्षे शिकतात आणि जातात. नांदेडमध्येही शिकवण्यांच्या भागात हेच चित्र. यात आपली पोरे पुष्कळ आहेत. घरापासून पहिल्यांदा दूर, खोली शोधताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदललेला पाहिलेली. आपल्या शाखा या मुलांना मोजतच नाहीत, कारण ती ‘स्थानिक’ नाहीत, कायमची नाहीत. आमचे म्हणणे असे, की दोन वर्षांसाठी आलेल्याला दोन वर्षांचेच काम द्यावे. रविवारी संध्याकाळी विहारात आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवायचे, एवढेच. त्या बदल्यात महिन्यातून दोनदा वस्तीतल्या घरी गरम जेवण आणि आजारी पडले तर फोन करायला एक नंबर. अभ्यासाचा ताण, एकटेपणा, परीक्षेत मागे पडण्याची भीती, या गोष्टी पोरे आईबापाला सांगत नाहीत. एखाद्या उपासिकेला कदाचित सांगतील. पुढे ती पोरे पुण्याला, मुंबईला जातील. तिथल्या शाखेत जाऊन उभी राहिली तर ती जोडणी लातूरच्या विहाराचीच.

उपासिकांबद्दल आता स्पष्ट बोलायला हवे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास घ्या. तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचणाऱ्या कोण, ऐकणाऱ्या कोण, खीरदान कुणाच्या घरून येते, भन्तेजींच्या भोजनाची पाळी कोण लावते? महासभेच्या महिला उपासिका शिबिरांत दहा-दहा दिवस शिकून येणाऱ्या कोण? पौष पौर्णिमेला अर्धापूर तालुक्यातल्या दाभडच्या महाविहार बावरीनगरला धम्म परिषद भरते, तेव्हा पहाटेपासून भोजनदानाच्या रांगेमागे उभ्या कोण असतात? आणि मग विहार समितीच्या फलकावरची नावे वाचा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष पुरुष, आणि शेवटच्या ओळीत ‘महिला प्रतिनिधी’. जे खरोखर काम करतात त्यांनाच आपण सभासद करून घेत नाही आणि वर म्हणतो, माणसे मिळत नाहीत.

नवे सभासद करून घ्यायला काही जुन्या मंडळींची मनातून तयारी नसते, हेही खरे. कारण भीती आहे. नोंदवही उघडली की मतदार वाढतात, मतदार वाढले की खुर्ची हलते. इथे थोडा कायदा समजून घ्यावा. विहाराची संस्था नोंदलेली असेल, तर ती साधारणपणे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा या दोन्हींखाली असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो. मग कागदावर कधीच वारलेले विश्वस्त राहतात, दोन गट भांडतात, बँकेचे खाते अडकते आणि विहाराच्या जागेचा प्रश्न आला की सही कुणाची चालेल हेच कळत नाही. नोंदणी नसलेल्या जयंती मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते, हेही अनेकांना दंड होईपर्यंत माहीत नसते. कायदा शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे एक काम सोपवून द्या: नोंदवही अद्ययावत करणे, बदल अर्ज दाखल करणे, वर्षाचा हिशोब विहाराच्या भिंतीवर लावणे. हिशोब भिंतीवर लागला की वर्गणी मागताना निम्मे बोलणे वाचते, हा आमचा अनुभव आहे.

माणूस कसा मागायचा, याबद्दल एक गोष्ट आम्ही बऱ्याच चुका करून शिकलो. ‘चळवळीसाठी वेळ द्या’ म्हटले की समोरचा मान डोलावतो आणि येत नाही. त्याला कळतच नाही की नेमके काय द्यायचे. ‘दादा, येत्या रविवारी चार ते सहा, दोन पोरांचे उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज भरायचे आहेत, लॅपटॉप घेऊन या’ म्हटले की तो येतो. पहिल्याच दिवशी भाषण ऐकवू नका, शपथ घ्यायला लावू नका, गट विचारू नका. काम संपल्यावर चहा द्या आणि पुढच्या रविवारचे विचारा. तीन रविवार आला तर नोंदवहीत नाव घ्या. नाही आला तर रागावू नका. त्याच्या घरी म्हातारी आई असेल, दुकान असेल. महिन्यातून एकदा येणारा माणूसही धरून ठेवावा.

येत्या आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल तेव्हा विहारात पावतीपुस्तकाशेजारी एक साधी शंभर पानी वही ठेवून पाहा. रकाने चारच आखा: नाव, मूळ गाव व तालुका, काय येते, कोणता रविवार. ‘काय येते’ या रकान्यात कुणी ‘उर्दू वाचता येते’ लिहील, कुणी ‘स्वयंपाक’, कुणी ‘मोटारसायकल आहे’. उदगीर-निलंग्याचे आणि किनवटचे नाव आले तर त्यापुढे एक खूण करा. बिदर किंवा आदिलाबादला जाताना कुणाला सोबत न्यायचे, ते तिथेच ठरेल.