आकडा कोणत्या झटक्याचा?

रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते आता नव्याने सिद्ध करायला नको. १९८९ साली साडेतीन लाख अमेरिकी पुरुषांच्या ‘एमआरफिट’ पाहणीने ते दाखवले, पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या चाचण्यांनी पक्के केले. वाद आहे तो पुढचा: आलेला झटका किती जबर असेल, हे चरबीच्या आकड्यावरून ठरते का? २००७मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासात दिसले की कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांचे झटके सौम्य होते आणि दहा वर्षांतले मृत्यूही कमी. तेव्हापासून ‘कोलेस्टेरॉल मेंदूला तारते’ म्हणणारी मंडळी हाच दाखला पुढे करत आली आहेत. संशोधकांचा निष्कर्ष मात्र वेगळा होता: वाढलेले कोलेस्टेरॉल लहान झटक्यांना आमंत्रण देते, म्हणून मोठ्या झटक्यांच्या रांगेत कमी कोलेस्टेरॉलवाले जास्त दिसतात.

झटक्याचा प्रकार आधी पाहा, हा माझा जुना आग्रह इथेच कामी येतो. मेंदूच्या खोल भागातली बारीक धमनी बंद पडली, की दीड सेंटिमीटरच्या आतली लॅक्युनर इजा होते. हात-पाय लुळे पडले तरी शुद्ध आणि वाचा बहुधा शाबूत राहते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात, हृदयात साकळलेली गुठळी मोठ्या धमनीत अडकली, तर मेंदूचा मोठा भाग एका फटक्यात जातो. हे रुग्ण बहुधा वृद्ध आणि खंगलेले. त्यांचे कोलेस्टेरॉल आधीच उतरलेले. शिवाय गंभीर आजारात कोलेस्टेरॉल आपोआप घसरते, म्हणजे कमी आकडा हा कित्येकदा जबर झटक्याचा परिणाम असतो. दोन निराळे आजार एका तक्त्यात मांडल्यावर चरबी रक्षणकर्ती दिसणारच.

एकाच प्रकारच्या रुग्णांतही हे उलटे नाते काही ठिकाणी उरते, असा आक्षेप येतो. पण रक्तातले कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. मग रक्तातला आकडा मेंदूच्या पेशींना वाचवणार कसा? खरा निवाडा चाचण्यांचा. ८९ रुग्णांच्या एका स्पॅनिश चाचणीत, झटक्यानंतर तीनच दिवस स्टॅटिन थांबवलेल्यांपैकी ६० टक्के तीन महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी होते. चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. २००६च्या ‘स्पार्कल’ चाचणीत ॲटॉर्वास्टॅटिन या स्टॅटिनने पुन्हा येणारे पक्षाघात १३.१ वरून ११.२ टक्क्यांवर आणले. त्यात मेंदूतले रक्तस्राव ३३ वरून ५५ झाले, हा आक्षेप रास्त आहे. पूर्वी रक्तस्राव झालेल्यांबाबत सावध राहावे आणि रक्तदाब काटेकोर सांभाळावा, एवढाच त्याचा अर्थ. सरसकट गोळी सोडण्याचा परवाना नव्हे.

आज लिपिड प्रोफाइलचा कागद तत्परतेने वाचला जातो आणि नाडीची अनियमितता तपासायची राहून जाते, ही या शास्त्राची पीछेहाट आहे. झटका कोणत्या धमनीत, कशामुळे, हे ठरल्याशिवाय चरबीचा आकडा ना धीर देऊ शकतो, ना भीती.