ओटीविना अजिंक्यतारा

साताऱ्यात कुठूनही मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. कपडे वाळत घालताना, मुलांना शाळेत सोडताना. पण मैत्रिणींनो, ‘शेवटच्या कधी गेला होतात?’ असं विचारलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, ‘नवरात्रात, मंगळाईची ओटी भरायला.’ तेही गाडीनं!

मीही त्यातलीच. गेल्या दिवाळीनंतर सासूबाईच म्हणाल्या, “उद्या सकाळी गडावर येतेस? चालत.” त्यांचं वय अडुसष्ट. लग्न होऊन साताऱ्यात आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, पण पायी गड कधी चढल्या नव्हत्या.

“ओटीचं सामान काढू का?”

“काही नको गं. नुसतं बघून येऊ.”

हे ‘नुसतं’ घरात कुणाला पचेना. चहाचं काय? डब्यांचं काय? शेवटी चहा ह्यांनी केला, डब्यात पोहे गेले.

साडी जरा वर खोचून, पायात नातवाचे बूट घालून सासूबाई निघाल्या. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फुटांवर असला, तरी शहरापासून चढ हजारेक फुटांचाच. डांबरी रस्ता थेट वर जातो, वाट चुकायची भीती नाही. पहाटे फिरायला येणारेही पुष्कळ, त्यामुळे अवघडल्यासारखं होत नाही. पाण्याची बाटली मात्र हवीच. दम लागला की सासूबाई ‘थांबू या’ म्हणत नव्हत्या. ‘बघ गं, ते काय दिसतंय!’ म्हणायच्या. मला ते बरंच होतं. असं करत सव्वा तासात पोचलो.

भक्कम दरवाजातून आत गेलं की पुढे ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष लागतात. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि पुढच्याच महिन्यात औरंगजेबानं हा गड घेतला, त्याला ‘आझमतारा’ नाव दिलं. ताराबाई तेव्हा जेमतेम पंचविशीच्या, पदरी लहान मूल. तरी त्यांच्या माणसांनी गड परत मिळवला आणि तो ‘अजिंक्यतारा’ झाला. (पंचविशीत मी गॅसचा नंबर लावतानाही ह्यांना विचारत होते!)

तटावरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर दिसतात. हवा स्वच्छ असेल तर लांबवर चंदन-वंदनची जोडीही. पायाशी शाहू महाराजांनी वसवलेलं शहर. पावसाळ्यात तटाकडेचं गवत निसरडं असतं, तेवढं जपायचं.

सासूबाई बराच वेळ आमचं घर शोधत होत्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीवरून एकदाचं सापडलं. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढुसंच आहे की गं! आणि मी जन्मभर त्यातनं बाहेर पडायला वेळ नाही म्हणत होते.”

मंगळाईपुढे आम्ही दोघींनी नुसते हात जोडले. उतरताना त्यांनी विचारलं, “तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत गं आता? पुढच्या रविवारी येतील का विचार.”