माहिती चौकट: पिंजऱ्यातला येमेनी शॅमेलिऑन

कोण? पाळीव शॅमेलिऑनमध्ये सर्वाधिक आढळणारी ही जात. मूळ येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातली. डोक्यावर उंच तुरा. नराची लांबी शेपटीसह 45 ते 60 सेंटिमीटर.

घर : प्रौढासाठी किमान 60×60×120 सेंटिमीटरचा, जाळीचा उभा पिंजरा. आत फांद्या, दाट पाने. पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवायचा. दुसरा नुसता नजरेस पडला, तरी ताण येतो.

ऊन आणि ऊब : दिव्याखाली सुमारे 30 अंश सेल्सिअस, रात्री त्याहून बरेच कमी. अतिनील-बी किरणांचा दिवा अत्यावश्यक. या किरणांमुळे त्वचेत ड-3 जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या मदतीने कॅल्शियम शोषले जाते. ते घडले नाही, तर हाडे मऊ पडून वाकतात. दिवा लागत असला, तरी त्यातली अतिनील किरणे महिन्यागणिक घटतात, म्हणून तो ठरावीक काळाने बदलतात.

पाणी : वाटीतल्या स्थिर पाण्याकडे सहसा दुर्लक्ष; पानांवरचे थेंब मात्र चाटतो.

खाणे : कॅल्शियमची भुकटी लावलेले जिवंत नाकतोडे, रातकिडे. क्वचित पानेही!

मादी : नराशिवायही अंडी घालते. ओलसर वाळू-माती नसेल, तर अंडी पोटातच अडकून मादी दगावू शकते.

रंग : पार्श्वभूमीनुसार नव्हे, तर मुख्यतः मनःस्थिती, तापमान आणि प्रकाशानुसार बदलतो.

कायदा : ही जात साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणजे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. तो पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे.