झोप का रुसते?



समर्थ रामदासांनी दासबोधात झोपेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. अठराव्या दशकातला नववा समास तो. आळोखेपिळोखे देणारी, जांभया देणारी, घोरणारी माणसे त्यांनी तेथे हुबेहूब उभी केली आहेत. आणि लगेच पुढल्या समासात त्यांनी श्रोत्यांच्या अवलक्षणांचा समाचार घेतला आहे. हे दोन समास लागोपाठ का आले असावेत, याचा विचार सज्जनगडाच्या मुलखात व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने अवश्य करावा! परंतु आज मला बोलायचे आहे ते अवेळी येणाऱ्या झोपेविषयी नव्हे, तर हवी तेव्हा न येणाऱ्या झोपेविषयी.

प्रथम एक गल्लत दूर करू. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून अंधारात उसाला पाणी पाजणारा शेतकरी, गळिताच्या हंगामात कारखान्यावर रात्रपाळी करणारा कामगार, यांची झोप अपुरी होते. पण त्यांना वेळ मिळाला की ते बहुधा झोपतात. त्यांच्याकडे झोप आहे, वेळ नाही. निद्रानाशाच्या रोग्याचे नेमके उलट असते. वेळ आहे, गादी आहे, घर शांत आहे. आणि झोप मात्र नाही. आठवड्यातून निदान तीन रात्री असे होत असेल, तीन महिने ते टिकले असेल आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणते. एखाददुसरी रात्र तळमळत काढणे हा रोग नव्हे. ते सर्वांच्याच वाट्याला येते.

आता झोप येते कशी, ते पाहू. तिला दोन गोष्टींची जुळणी लागते. पहिली म्हणजे जागरणाचा साठा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि डोळ्यांवर पेंग येऊ लागते. चहाकॉफीतले कॅफीन हे द्रव्य काढून टाकत नाही. ते त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, इतकेच. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मे रात्री दहालाही अंगात असते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. हे घड्याळ कसे चालते, याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा उजेड या घड्याळाला रोज किल्ली देतो. अंधार पडला की मेलाटोनिन पाझरू लागते आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागते. साठा पुरेसा झाला आणि घड्याळाचीही वेळ झाली, की झोप आपण न बोलावता येते.

मग ती अडते कोठे? आपल्या मेंदूत एक पहारेकरीही आहे. धोक्याची चाहूल लागली की तो या दोहोंना बाजूला सारतो आणि माणसाला जागे ठेवतो. ही काही व्याधी नव्हे. जिवाचे रक्षणच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारनंतर, सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. माणसे झोपेत असतानाच घरे कोसळली. त्यानंतरही धक्के येत राहिले. अशा वेळी छपराखाली डोळा न लागणे हेच शहाणपणाचे होते. सांगलीकरांनाही हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. घरात पाणी शिरत असताना कोण झोपेल?

प्रश्न त्यानंतरचा आहे. पूर ओसरतो, जमीन स्थिर होते, तरीही काहींची झोप परत येत नाही. असे का व्हावे? आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली याची मोठी समर्पक मांडणी केली. निद्रानाशाची कारणे तीन थरांत पाहावीत, असे त्याचे म्हणणे. पहिला थर प्रकृतीचा: काही माणसे जात्याच हळवी, चटकन जागी होणारी असतात. दुसरा निमित्ताचा: आजार, कर्ज, मृत्यू, पूर. आणि तिसरा थर आपण स्वतः रचलेल्या सवयींचा. निमित्त निघून गेल्यावर निद्रानाशाला जिवंत ठेवतो तो हा तिसरा थर. मला आज जे सांगायचे आहे त्याचे सार हेच.

एक उदाहरण कल्पू या. सांगलीच्या बाजारपेठेतला एक कापडदुकानदार. पुरात दुकान भिजले, दोन महिने झोप उडाली. पुढे दुकान पुन्हा उभे राहिले; पण तोवर त्याने झोप मिळवण्याचे नाना उपाय आरंभले होते. ‘झोप भरून काढू’ म्हणून तो रात्री साडेनऊलाच अंथरुणावर पडतो. दुपारी तासभर लवंडतो. म्हणजे साठा होण्याआधीच तो खर्चून टाकतो. रात्री दोनला जाग आली की भिंतीवरचे घड्याळ बघतो आणि उरलेल्या तासांचा हिशेब मांडतो. नऊ तास अंथरुणावर, त्यांत झोप जेमतेम साडेपाच. बाकीचे साडेतीन तास काळजीचे. काही महिन्यांत त्याचे मन एक धडा पक्का शिकते: अंथरूण ही जागण्याची जागा. म्हणूनच बैठकीत पेंगणारा हा माणूस उशीवर डोके टेकताच टक्क जागा होतो. पहारेकऱ्याला आता पुराची भीती उरलेली नाही. त्याला भीती आहे ती न येणाऱ्या झोपेची.

याचा परिणाम रात्रीपुरता राहत नाही. दुकानात बिलाची बेरीज चुकते, घरात लहानशा कारणावरून आवाज चढतो, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही. संध्याकाळ झाली की ‘आजही तसेच होणार’ या धास्तीने तो लग्नकार्ये टाळतो, प्रवास टाळतो. पेंगुळल्या डोळ्यांनी खंबाटकीचा घाट गाडीने उतरणे किती धोक्याचे, ते सांगायला नकोच. निद्रानाश वर्षानुवर्षे टिकला तर नैराश्याचा धोका वाढतो. रक्तदाबाशीही त्याचा संबंध आढळला आहे. मात्र हे ऐकून एका वाईट रात्रीने घाबरून जाऊ नये. शरीर दुसऱ्या वा तिसऱ्या रात्री गाढ झोप घेऊन बरीच भरपाई करते.

उपाय रोगातूनच निघतो. सवयीने जे बिघडले ते सवयीनेच सुधारायचे. उठण्याची वेळ ठरवावी आणि रात्र कशीही गेली तरी ती मोडू नये, रविवारीदेखील नाही. झोप येईल तेव्हाच अंथरुणाकडे जावे. बराच वेळ डोळा लागला नाही तर सरळ उठावे, मंद उजेडात काही निरुपद्रवी काम करावे आणि पेंग आली की परतावे. भिंतीवरचे घड्याळ दृष्टीआड करावे. आपल्या दुकानदाराने साडेनऊऐवजी रात्री बाराला पडावे आणि सहाला उठावे. पहिला आठवडा जड जाईल. पण ते सहा तास झोपेने भरू लागले, की पडण्याची वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. या पद्धतीला मनोवर्तन उपचार म्हणता येईल. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली.

पथ्येही आहेत. अपस्मार किंवा उन्माद-नैराश्याचा विकार असणाऱ्यांनी, तसेच वाहन चालवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी, झोपेचे तास आपल्या मनाने कमी करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. घोरताना श्वास अडकत असेल तर तो रोग निराळा, त्याची तपासणी निराळी. चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद करू नयेत. आणि मद्याने झोप येते ही समजूत सोडावी. ते पहिल्या प्रहरी डोळे मिटवते आणि उत्तररात्री उघडते. रात्रीच्या अंधारात जीव नकोसा होत असेल, तर १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा नाही.

शेवटी, सांगली जिल्ह्यातल्याच एका गावाची आठवण देतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. हेतू झोपेचा नव्हता. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा होता. पण त्यातून घेण्याजोगे काही आहे. एकट्याने मोडायला अवघड जाणारी सवय घराने किंवा गावाने मिळून मोडली तर सोपी होते. घरात कोणाची झोप उडाली असेल, तर ‘झोप की आता’ असे त्याला दटावू नका. तो तेच तर करू पाहतो आहे. त्याऐवजी पहाटे ठरल्या वेळी त्याला हाक मारा आणि बरोबर फिरायला घेऊन जा.