नो-हार्टबीट्स आणि इतर पर्याय

विंडोजच्या कुठल्याही कामाच्या संगणकावर सी ड्राइव्हमध्ये ‘लिबक्रिप्टो’ असं शोधून बघा. हमखास एकाहून जास्त फायली निघतात. पायथनने आपली आणलेली असते, गिटने आपली, पोस्टग्रेस टाकलं असेल तर त्याची आणखी वेगळी. आवृत्त्या निरनिराळ्या आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. या सगळ्या एकाच लायब्ररीच्या प्रती आहेत. तिचं नाव ओपनएसएसएल. मजकूर कूटबद्ध करणं, डिजिटल सही करणं आणि तपासणं, दूरच्या सर्व्हरशी टीएलएसची बोलणी करून सुरक्षित जोडणी उभारणं ही तिची कामं. वेब सर्व्हर, डेटाबेस, राउटर, अगदी ऑफिसातला प्रिंटरसुद्धा ती तिच्यावर सोपवून मोकळे होतात.

विंडोजला स्वतःला तिची गरज नाही. मायक्रोसॉफ्टकडे त्याच कामासाठी एसचॅनल आहे. लिनक्सवर डेबियन, रेड हॅट यांसारखे वितरक ती बांधून देतात आणि अद्ययावतही ठेवतात. अॅपलने २०११ मध्ये, मॅकच्या लायन आवृत्तीच्या वेळी, ‘आमच्या प्रतीवर यापुढे विसंबू नका’ असं सांगून हात झटकले. विंडोजवर तेवढाही आधार कधी नव्हता. तिथे जो तो आपली प्रत बरोबर घेऊन येतो. ओपनएसएसएल प्रकल्प तयार डीएलएल देत नाही. मिळतो तो फक्त सोर्स, सोबत त्याचा शा-२५६ हॅश आणि सही. शायनिंग लाइट प्रॉडक्शन्ससारखे तिसरे लोक वर्षानुवर्षं तयार इन्स्टॉलर देत आले आहेत आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. पण आपलं सॉफ्टवेअर बँकेला किंवा इस्पितळाला विकायचं असेल, तर कधीतरी गिऱ्हाइकाकडून प्रश्न येतोच की ही डीएलएल कोणी बांधली आणि कुठले पर्याय देऊन. मग आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडून ती स्वतः बांधत बसावं लागतं.

मला त्या पर्यायांत रस आहे. ओपनएसएसएलचे इतिहास बरेच लिहिले गेले आहेत, पण बिल्ड सुरू करताना ‘कॉन्फिगर’ला जे ‘नो’ने सुरू होणारे पर्याय देता येतात, त्यांची यादी त्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक वाटते. एखादा पेटंटचा वाद, एखादा कायदा, एखादी अब्रू गेल्याची घटना, यांतलं काही ना काही त्यातल्या बऱ्याच पर्यायांमागे आहे.

सुरुवात ऑस्ट्रेलियातली. १९९५ मध्ये एरिक यंग यांनी आणि टिम हडसन यांनी क्वीन्सलँडमधून एसएसएलईएवाय नावाची लायब्ररी लिहायला घेतली. ईएवाय ही यंग यांच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं. त्या काळी अमेरिकेच्या निर्यात कायद्यात कूटलेखनाची गणती दारूगोळ्यात होत असे. बाहेर जाणाऱ्या ब्राउझरमध्ये किल्ली चाळीस बिटांपर्यंत छाटलेली असे, म्हणजे चिवट माणूस सहज फोडील अशी. ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या कोडला तो कायदा लागू नव्हता. पुढे दोघेही आरएसए सिक्युरिटीत नोकरीला गेले आणि त्यांचं काम थांबलं. तेव्हा मार्क कॉक्स, राल्फ एंगेलशाल, स्टीफन हेन्सन, बेन लॉरी आणि पॉल सटन यांनी तोच कोड उचलून ओपनएसएसएल उभी केली. पहिली आवृत्ती २३ डिसेंबर १९९८ ची.

अमेरिकेतल्या माणसाला मात्र ती जशीच्या तशी बांधता येत नव्हती. आरएसए पद्धतीचं पेटंट तिथे लागू होतं. त्यामुळे आरएसए कंपनीची आरएसएरेफ ही लायब्ररी जोडून बिल्ड करावी लागे आणि त्यासाठी कॉन्फिगरला तसा वेगळा पर्याय होता. सप्टेंबर २००० मध्ये पेटंट संपलं आणि तो पर्यायही निरुपयोगी झाला. आरसी५ या कूटपद्धतीचा गुंता तसाच पेटंटचा. तिचा कोड सोर्सच्या झाडात आहे, पण आपण मुद्दाम मागितल्याशिवाय बांधला जात नाही.

आता प्रत्यक्ष बिल्ड. विंडोजवर तीन गोष्टी लागतात: व्हिज्युअल स्टुडिओचा सी कंपायलर, नॅसम हा असेंब्लर आणि पर्ल. पर्ल कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि वैतागून विचारतो. सोर्समध्ये मेकफाइलचे साचे तीन आहेत: युनिक्ससाठी एक, विंडोजसाठी एक आणि व्हीएमएस नावाच्या, आता फार थोड्या ठिकाणी उरलेल्या यंत्रणेसाठी एक. या तिन्हींवर चालणारं सामाईक शेल नाही. पर्ल तिन्हींवर चालतं. म्हणून कॉन्फिगर हा पर्लमधला प्रोग्राम आहे, आणि तो आपल्या यंत्राकडे बघून साच्यातून मेकफाइल काढतो.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. वेगासाठी या लायब्ररीचे कळीचे भाग असेंब्लीत आहेत, पण झाडात शोधलंत तर असेंब्लीच्या फायली जवळजवळ सापडत नाहीत. तिथे पर्लच्या फायली असतात. एईएस या कूटपद्धतीसाठीची ‘एईएसएनआय-एक्स८६_६४.पीएल’ उघडा. आत पर्लच्या अवतरणचिन्हांत प्रोसेसरच्या सूचना ओळीने लिहिलेल्या दिसतात. ही फाइल चालवली की ती असेंब्ली ‘छापते’: लिनक्ससाठी एका धाटणीची, विंडोजच्या नॅसमसाठी दुसऱ्या. हे भाषांतर करणारी स्क्रिप्ट वेगळी आहे. यातलं बरंचसं काम आंडी पोल्याकोव यांच्या हातचं. नॅसम सापडला नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबून तो पाथमध्ये आहे का ते बघायला सांगतो. कंटाळून लोक ‘नो-एएसएम’ देतात आणि बिल्ड होतेही. पण एईएससाठी प्रोसेसरमध्ये खास बसवलेल्या सूचना मग वापरल्याच जात नाहीत. महागड्या यंत्रावर लायब्ररी साध्या सी कोडने आकडेमोड करत बसते, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

पर्ल कुठलं, हेही महत्त्वाचं. स्ट्रॉबेरी पर्ल चालतं. गिटबरोबर आलेलं पर्ल आधीच यंत्रावर असतं, म्हणून बरेच जण तेच वापरायला जातात. त्यांना कॉन्फिगर सांगतो की हे पर्ल विंडोजसारखे, उलट्या तिरप्या रेषेचे पाथ देत नाही, तुमच्या यंत्राला जुळणारं आणा. इतका स्पष्ट निरोप मी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये वाचला आहे, आणि तरी माणसं तो न वाचता बिल्ड पुन्हा चालवून बघतात.

व्हिज्युअल स्टुडिओची ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’ नावाची काळी खिडकी उघडायची. साध्या खिडकीत कंपायलर सापडत नाही, आणि शेजारच्या एक्स८६ खिडकीत सापडला तरी तो ३२ बिटांचा असतो. तिथे ‘पर्ल कॉन्फिगर व्हीसी-विन६४ए’. थोड्या वेळात ताऱ्यांनी आखलेली चौकट उमटते: ओपनएसएसएल यशस्वीरीत्या कॉन्फिगर झाली, अडचण आली तर अमुक आज्ञेने निघणारी माहिती जोडून कळवा. मग ‘एनमेक’. फायलींची नावं एकामागून एक सरकत राहतात. एनमेक एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे आठ कोअरचं यंत्र असलं तरी बरेचसे कोअर हातावर हात ठेवून बसलेले असतात. घाई असणारे क्यूटी मंडळींचा ‘जॉम’ वापरतात, तो समांतर चालतो. बिल्डला चहापुरता वेळ द्यावा, असं माझं मत.

हे सारं २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या १.१.० आवृत्तीपासूनचं. त्याआधी विंडोजची बिल्ड ही सावत्र पोर होती. एमएस नावाच्या फोल्डरातल्या बॅच फायली आधी चालवायच्या, त्यातून निघालेली मेकफाइल एनमेकला द्यायची. हाती येणाऱ्या डीएलएलची नावं होती लिबईएवाय३२ आणि एसएसएलईएवाय३२. यंग यांची आद्याक्षरं अशी अठरा वर्षं विंडोजवर टिकली, ६४ बिटांच्या बिल्डमध्येही ‘३२’सकट. आजही एखादा जुना प्रोग्राम सुरू होताना लिबईएवाय३२ सापडत नाही म्हणून अडतो. मग लोक डीएलएल फुकट वाटणाऱ्या कुठल्याशा साइटवरून ती उतरवतात आणि सिस्टिम३२ मध्ये टाकून देतात. ज्या फाइलमधून आपल्या गुप्त किल्ल्या जाणार, ती अशी रस्त्यावरून उचलून घरात आणायची!

पर्यायांच्या यादीकडे परत येऊ. ‘नो-कॉम्प’ म्हणजे टीएलएसमधलं कॉम्प्रेशन बंद. २०१२ च्या क्राइम हल्ल्याने दाखवलं की मजकूर किती दबला यावरूनच आतली कुकी ओळखता येते. टीएलएसचा पूर्वज एसएसएल३ वगळणारा ‘नो-एसएसएल३’ २०१४ च्या पूडल हल्ल्यानंतर सगळ्यांच्या ओठांवर आला आणि १.१.० पासून तोच मूळ नियम झाला. एसएसएल२ चा तर कोडच त्या आवृत्तीत उपटून टाकला.

पण यादीतलं सर्वांत दुखरं नाव नो-हार्टबीट्स. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एका टोकाने दुसऱ्याला छोटा निरोप पाठवायचा, त्याने तोच परत करायचा, अशी ही सोय. १४ मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीत ती आली आणि आपोआप चालू राहिली. निरोपासोबत त्याची लांबी सांगायची असे. ती खरी आहे का, हे कोड तपासत नव्हता. एक अक्षर पाठवून ‘हे चौसष्ट हजार अक्षरं आहेत’ असं सांगितलं, तर सर्व्हर आपल्या स्मृतीतला पुढचा ६४ केबीपर्यंतचा ऐवज परत पाठवून देई. त्यात कोणाचा पासवर्ड असे, कधी सर्व्हरची खासगी किल्ली. गूगलमधले नील मेहता आणि फिनलंडची कोडेनॉमिकॉन कंपनी यांना हे स्वतंत्रपणे सापडलं, आणि ७ एप्रिल २०१४ ला ते हार्टब्लीड नावाने जगासमोर आलं. प्रकल्पाच्या सूचनेत दोनच वाटा होत्या. १.०.१जी घ्या, नाहीतर हार्टबीट वगळून लायब्ररी पुन्हा कंपाइल करा. ज्यांनी कधी स्वतः बिल्ड केली नव्हती, त्यांना दुसरी वाट बंदच होती.

त्या वेळी या लायब्ररीवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, स्टीफन हेन्सन. वर्षाला देणग्या यायच्या सुमारे २,००० डॉलरच्या. हे आकडे बाहेर आल्यावर मोठ्या कंपन्यांना लाज वाटली, आणि लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसा येऊ लागला. ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याच एप्रिलमध्ये कोड उचलून लिबरेएसएसएल काढली, गूगलने पुढे बोरिंगएसएसएल. चूक एका ओळीच्या तपासणीची होती हे खरं, पण इतकं मोठं घर एका माणसाच्या खांद्यावर ठेवणाऱ्यांची चूक मला त्याहून मोठी वाटते.

कंपाइल करणाऱ्याच्या हातून काय होऊ शकतं, याचं उदाहरण त्याआधीचं, डेबियनमधलं. स्मृती तपासणारं साधन तक्रार करत होतं की यादृच्छिक आकडे तयार करणाऱ्या कोडमध्ये आरंभी मूल्य न दिलेली स्मृती वाचली जाते. २००६ मध्ये डेबियनच्या प्रतीत त्या ओळी बंद केल्या गेल्या. तक्रार गेली. पण त्यातल्या एका ओळीतूनच सगळी यादृच्छिकता आत येत होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या लक्षात येईपर्यंत डेबियन आणि उबंटूवर बनलेल्या किल्ल्या मोजून काढता येतील इतक्या थोड्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला त्या नेहमीसारख्याच लांबलचक दिसत.

अमेरिकी सरकारच्या फिप्स मान्यतेने नेमकं उलटं टोक गाठलं होतं. जुन्या फिप्स मॉड्यूलची मान्यता सोर्सला होती, पण ठरवून दिलेल्या आज्ञा शब्दशः चालवल्या तरच. एक पर्याय वाढवला की मान्यता गेली. सोर्सही नेटवरून उतरवलेला चालत नसे, टपालाने आलेल्या सीडीवरून घ्यावा लागे. ३.० मध्ये हे सुटसुटीत झालं: ‘एनेबल-फिप्स’ द्यायचं आणि नंतर एका आज्ञेने मॉड्यूलची स्व-तपासणी करून घ्यायची.

खास विंडोजच्या म्हणाव्यात अशा दोन खोड्या. पहिली अॅपलिंकची. प्रोग्राम एका सी रनटाइमने बांधलेला आणि डीएलएल दुसऱ्याने, तर एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. प्रोग्राम ‘नो ओपनएसएसएल_अॅपलिंक’ एवढंच म्हणून मान टाकतो. उपाय म्हणजे अॅपलिंक.सी ही छोटी फाइल आपल्या मुख्य प्रोग्राममध्ये एकदा सामील करणं. दुसरी खोडी जास्त घातक. सेटिंगची फाइल कुठे शोधायची तो पत्ता बिल्डच्या वेळीच डीएलएलमध्ये कोरला जातो. मिंगडब्ल्यू या दुसऱ्या कंपायलरने बांधलेल्या प्रतींत तो युनिक्सच्या सवयीने ‘यूएसआर/लोकल’ असे, आणि विंडोज त्याचा अर्थ सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेलं फोल्डर असा लावतं. तिथे कोणताही साधा वापरकर्ता फोल्डर करून आपली फाइल ठेवू शकतो. २०१९ मध्ये या प्रकाराला सुरक्षेतल्या त्रुटींना देतात तो रीतसर सीव्हीई क्रमांक मिळाला. व्हिज्युअल स्टुडिओच्या बिल्डमध्ये पत्ता प्रोग्राम फाइल्सखाली जातो, म्हणूनच ‘एनमेक इन्स्टॉल’ला प्रशासकाचे हक्क लागतात.

त्याआधी ‘एनमेक टेस्ट’ मात्र टाळू नये. चाचण्यांची नावं ओळीने येतात, पुढे ठिपके आणि ‘ओके’. १.१.१ ची जुनी प्रत आज बांधली, तर ८०-टेस्ट_एसएसएल_न्यू हमखास नापास होते. कोडमध्ये बिघाड नसतो. चाचणीसाठी ठेवलेल्या प्रमाणपत्रांची मुदत १ जून २०२२ ला संपली, इतकंच. काही जण संगणकाचं घड्याळ मागे करून ती पास करून घेतात. १.१.१ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ लाच संपला असल्याने मी तरी नवी आवृत्ती घ्या म्हणेन.

नव्यांपैकी दीर्घ आधाराची आवृत्ती ३.५, एप्रिल २०२५ ची. क्वांटम संगणकांपुढे टिकावी म्हणून घेतलेली एमएल-केईएम ही पद्धत तिच्यात आहे. डीएलएलचं नाव ३.० पासून तेच, लिबक्रिप्टो-३-एक्स६४, त्यामुळे ३.० साठी बांधलेला प्रोग्राम ती बदलून ठेवली तरी चालावा, असा प्रकल्पाचा शब्द आहे. बिल्डच्या आज्ञाही त्याच. फक्त ‘नो’च्या यादीत ‘नो-एमएल-केईएम’ हा पर्याय येऊन बसला आहे.