आटलेल्या समुद्रात गोडं पाणी

आमटी गॅसवर विसरली की खारट होते. मीठ कोणी वाढवलेलं नसतं, पाणी तेवढं उडून जातं. मुलुंड-भांडुपची मिठागरं याच हिशोबावर चालली आणि अंधेरीतल्या फ्लॅटमध्ये टेबलावर ठेवलेली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकीही याच हिशोबानं बिघडते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ५० लिटरच्या टाकीत म्हणजे पावणेदोन किलो. पाच लिटर उडाले की तेवढंच मीठ ४५ लिटरांत, लिटरमागे जवळपास ३९ ग्रॅम. मासे एकवेळ सोसतील, प्रवाळांना ते जड जातं. म्हणून रोजची तूट गोड्या, आरओच्या पाण्यानं भरायची. नवखे मात्र हमखास मीठ कालवलेलं पाणी ओततात, म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ!

गंमत अशी, की समोरून ही तूट दिसतच नाही. फिल्टर पाठीमागच्या कप्प्यांत असलेल्या टाकीत पुढचं पाणी काठावरून मागे सांडत राहतं, त्यामुळे पुढची पातळी हलत नाही. उतरतो तो फक्त मोटरचा शेवटचा कप्पा. तिथून गुरगुर ऐकू आली की उशीरच झाला म्हणायचा.

उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावतात. उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं, अंगावरच्या घामासारखं. जुलैत हवाच ओली. पंखा फिरतो, पारा ढिम्म.

दगडी प्रवाळ मात्र घरी आणायचे नाहीत. वन्यजीव कायद्यानं त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलंय. कोस्टल रोडसाठी वरळीचे प्रवाळ हलवतानाही परवानगी काढावी लागली होती.